सत्तावीस जूनचा अर्ज

मित्रांनो, माझी मूठ लाकडाची, अंग लोखंडाचं आणि तोंड रबराचं आहे. पोटात चार पट्टे आहेत, दोन आकड्यांचे, एक महिन्यांचा आणि एक वर्षांचा. अंगठ्यानं चाक फिरवलं की तारीख बदलते. वर ठळक अक्षरांत 'आवक' असं लिहिलेलं आहे. मी सरकारी कचेरीतला तारखेचा जुना शिक्का आहे आणि आज तुम्हाला जे सांगणार आहे, ते सांगताना मला लाज वाटते. पण आधी जरा भाव खाऊ द्या. माझेही बरे दिवस होते.

माझा जन्म जालन्याच्या मस्तगड भागात, वसंता शिक्केवाल्याच्या चिमुकल्या दुकानात झाला. साल होतं १९८१. त्या मे महिन्यात जालना हा नवा जिल्हा झाला आणि जिकडेतिकडे पाट्या बदलल्या, कागदांचे मथळे बदलले, शिक्के बदलले. वसंताला जेवायला सवड नव्हती. त्यानं माझ्या पोटात १९८१ ते १९९२ अशी वर्षांची पट्टी चढवली, दोनदा रद्दीवर आपटून पाहिलं आणि म्हणाला, "बारा वर्सं बिनघोर चालंल." बारा वर्षं! मला वाटलं, मी अमरपट्टाच घेऊन आलो.

जिल्ह्यातल्याच एका तालुक्याच्या कचेरीत माझी रवानगी झाली. कोणत्या, ते सांगणार नाही. तिथली काही माणसं अजून पेन्शन घेतात, उगाच कुणाच्या नाकाला मिरच्या झोंबायच्या. दाराजवळच्या पहिल्या टेबलावर मला ठेवलं आणि ज्याच्या ताब्यात दिलं, त्याचं नाव भुजंग मगरे.

भुजंग राजूरजवळच्या एका खेड्यातला. त्याच्या वडिलांनी छप्पन साली बुद्धाची दीक्षा घेतली होती आणि पोराला शाळेत घातलं होतं. अंगानं किडकिडीत, सदरा नेहमी धुतलेला, खिशाला एकच पेन. मी गेलो तेव्हा त्याची बारा-तेरा वर्षांची नोकरी झालेली होती. रोज सकाळी खुर्चीवर बसायच्या आधी तो मला हातात घ्यायचा, फडक्यानं माझं तोंड पुसायचा, चाक फिरवून तारीख लावायचा आणि रद्दीच्या तुकड्यावर एकदा उमटवून बघायचा. मगच टपालाला हात घालायचा.

मित्रांनो, कचेरीत माणूस कितीही मोठा असो, त्याचा कागद माझ्याखालून गेल्याशिवाय जन्माला येत नसे. सरपंच यायचे, मास्तर यायचे, अडतीवरचे शेटजी यायचे, डोक्यावर पाटी घेतलेल्या बायका यायच्या. भुजंग सगळ्यांना सारखा. कागद घ्यायचा, शिक्का मारायचा, वहीत नोंद करायचा आणि माणसाच्या हातातल्या नकलेवर दुसरा शिक्का मारून ती परत द्यायचा. त्याला पोच म्हणतात. कागद दिल्याची खूण. कुणी म्हातारी पोच न घेता निघालीच, तर भुजंग तिला हाक मारून मागं बोलवायचा. "मावशे, पोच घिऊन जा. उद्या आमी न्हाई म्हनलो तर काय करशील?"

असं तो हसत म्हणायचा. आणि सगळी कचेरीही हसायची.

त्याचा आणखी एक रिवाज होता. स्वतःच्या कागदाला तो हात लावत नसे. रजेचा अर्ज असो, कर्जाचा असो, लिहून झाला की शेजारच्या टेबलावर सरकवायचा. "रामकिसन, एवढा शिक्का मार अन् नोंद घे. आपल्या कागदावर आपनच तारीख टाकायची म्हंजे बराबर दिसत न्हाई." कुणी त्याला तसं करायला सांगितलं नव्हतं. पण माझ्यासारख्या शिक्क्याच्या मालकानं असंच वागावं असं त्याला वाटे आणि मलाही त्याचा अभिमान वाटे. एकदा मोठ्या साहेबांनी भरल्या बैठकीत सांगितलं होतं, "मगरेंकडून शिका." त्या दिवशी माझी छातीसुद्धा फुगली, म्हणजे शिक्क्याला असते तेवढी.

आता रामकिसनची ओळख करून देतो. भुजंगच्या मागून दोन वर्षांनी नोकरीला लागलेला कारकून, आस्थापनेच्या टेबलावर बसायचा. शेतकऱ्याचं घर, घरी बागायत, स्वभाव मोकळा. कचेरीतल्या लोकांच्या रजा, बदल्या, गोपनीय कागद हे त्याचं काम. गोपनीय कागदांची नोंदवही वेगळी होती, ती आतल्या खोलीत त्याच्या कपाटात कुलपात असे. त्या कागदांवर मारायला मात्र शिक्का माझ्याशिवाय दुसरा नव्हता, म्हणून तो रोज दुपारी दहा मिनिटांसाठी मला मागून त्या खोलीत न्यायचा.

कचेरीत व्हरांड्यात माठ होता. माठावर तीन पेले उपडे असत. चौथा पेला खिडकीत वेगळा असे आणि त्याच्या बुडाला लाल रंगाचा ठिपका होता. पाणी भरणारी साळूबाई भुजंगला त्या पेल्यातून पाणी द्यायची. तिला तसं सांगितलेलं होतं. कुणी सांगितलं, हे विचारायची गरज कुणाला पडली नाही. भुजंगनं घरून तांब्या आणायला सुरुवात केली. आणि ह्या असल्या कचेरीत रामकिसन एक दिवस सगळ्यांदेखत उठला, भुजंगच्या तांब्यातलं पाणी प्यायला आणि म्हणाला, "गोड हाये रे, कोन्या हिरीचं?" पुढं तर तो भुजंगच्या घरी जेवूनही आला. भुजंगच्या बायकोच्या, बेबीनंदाच्या हातच्या भाकरीचं कौतुक तो आठवडाभर करत होता. ती त्याला भावजी म्हणायची. मित्रांनो, भुजंगनं त्या माणसाला भाऊ मानला, यात त्याचं काय चुकलं?

ज्येष्ठता यादी भिंतीवर लागलेली होती. पुढची पायरी अव्वल कारकुनाची. त्या पायरीसाठी जिल्ह्याच्या यादीत भुजंगचा नंबर सातवा आणि रामकिसनचा आठवा होता. भुजंग दोन्ही परीक्षा पहिल्या खेपेलाच पास झालेला. घरी बेबीनंदा पोरींना सांगायची, "तुमचे बाबा आता अव्वल व्हनार." त्याच्या खेड्यात त्यांच्या वस्तीतला कुणीही माणूस सरकारी कागदावर सही करणारा झाला नव्हता. लोकांचे कागद घेणारा झाला होता, सही करणारा नाही. त्याला ती सही हवी होती. एवढी एकच गोष्ट त्यानं नोकरीकडे मागितली.

आता अप्पाराव. अप्पाराव नायब तहसीलदार होते आणि कारकुनांचे गोपनीय अहवाल तेच लिहायचे. माणूस कधी ओरडला नाही. हसत बोलायचा आणि हसता हसता माणसाची चामडी सोलायचा. १९८८ च्या डिसेंबरात ते स्वतः उठून आमच्या टेबलाशी आले. मागं त्यांचा भाचा होता. भाच्याला गावचं रास्तभाव दुकान हवं होतं, अर्जाची मुदत पंधरा तारखेला संपली होती आणि हे महाशय एकोणीसला उगवले होते.

"मगरे, याला पंधरा तारीख मारा," अप्पाराव म्हणाले.

"आज एकोनीस हाये, साहेब."

"किती हाये ते मला कळतं. चाक म्हागं फिरवा."

भुजंगनं मला उचललं. त्याचा अंगठा चाकावर होता, पण चाक हललं नाही. त्यानं एकोणीस तारीख मारली, नोंद केली, भाच्याच्या नकलेवर पोच दिली आणि उभं राहून म्हणाला, "साहेब, एकदा म्हागं फिरवलं तर मंग कोनाच्याच तारखेवर इस्वास न्हाई राहनार."

सगळ्या माना खाली गेल्या. अप्पाराव हसले. "बराबर हाये. नियम म्हंजे नियम," असं म्हणून ते आपल्या खोलीत निघून गेले. मला तर त्या दिवशी स्वर्ग दोन बोटं उरला होता. अहो, मी एक कचेरीतला शिक्का, पण माझ्यामुळं नायब तहसीलदाराचं काम अडलं! मला काय ठाऊक, तो माणूस नियम म्हणजे नियम हे शब्द गाठीला बांधून गेला होता.

पुढच्या जूनच्या नऊ तारखेला, शुक्रवारी, भुजंगच्या हातात एक पाकीट आलं. त्याच्या गोपनीय अहवालातला शेरा त्याला कळवला होता. 'सचोटी शंकास्पद. वरिष्ठांशी वर्तन उद्धट. पदोन्नतीस तूर्त अपात्र.' खाली लिहिलं होतं की, याविरुद्ध काही म्हणणं असेल तर सहा आठवड्यांच्या आत मांडावं. मुदत संपत होती एकवीस जुलैला.

भुजंगनं तो कागद तीनदा वाचला. 'उद्धट' या शब्दावर तो थांबला नाही. 'सचोटी'पाशी मात्र त्याचं बोट थांबून राहिलं. दुपारभर त्यानं टपाल सगळं घेतलं आणि प्रत्येकाला पोच दिली.

पंधरा दिवस खपून त्यानं उत्तर लिहिलं. भाच्याच्या अर्जाची गोष्ट लिहिली, पेल्याची लिहिली, आधीच्या वीस वर्षांचे सगळे चांगले शेरे तारीखवार लिहिले. 'मला यादीत जातीवरून मागं ठेवण्यासाठी हा शेरा लिहिला आहे,' असं त्यानं स्पष्ट लिहिलं. सत्तावीस जूनला, मंगळवारी सकाळी, त्यानं तो अर्ज पाकिटात घातला आणि मला न उचलता रामकिसनच्या टेबलाशी गेला.

"रामकिसन, माहा अर्ज. गोपनीय हाये, तुह्याच वहीत जातो. शिक्का मार अन् नोंद घे. मी हात लावत न्हाई."

"दे, भाऊ. आत्ता मारतो," रामकिसन म्हणाला.

भुजंगजवळ अर्जाची नक्कल होती. हातातच होती. मी वाट बघत होतो की तो ती पुढं करेल. सगळ्या तालुक्याला पोच घ्यायला शिकवणारा हा माणूस. पण समोर रामकिसन होता, त्याच्या घरी जेवलेला, त्याच्या तांब्यातलं पाणी प्यालेला. त्याच्याकडं पोच मागायची म्हणजे त्याच्यावर विश्वास नाही असं तोंडावर सांगायचं. भुजंगनं नक्कल घडी करून खिशात घातली आणि जागेवर जाऊन बसला.

दुपारी रामकिसननं मला नेलं. पाकीट फोडलं, अर्ज समोर पसरला आणि मला उचललं. मी कागदापासून चार बोटांवर होतो. तेवढ्यात अप्पाराव आले. त्यांनी दार लोटलं आणि अर्ज आपल्याकडं फिरवून पहिलं पान वाचलं.

"राहू दे. जल्दी काय हाये," ते म्हणाले.

"साहेब, मुदत हाये त्याला."

"मला म्हाईत हाये मुदत. मुदत झाली की मार." अप्पाराव समोरच्या खुर्चीवर बसले. "यादीत त्याच्या खाली कोन हाये?"

"मी."

"मंग? तो अव्वल झाला तर तुह्या कागदावर त्याची सही लागंल. त्याचा बाप आमच्या आळीतून जाताना चपला हातात घ्यायचा. त्यायला सरकारनं नोकरी दिली, लई झालं. आता काय आपल्या डोक्यावर बसवायचं का?" आणि जाता जाता हसून म्हणाले, "मी तुला काही करायला लावून राह्यलो का? काहीच न्हाई. फकस्त थांब म्हनतो."

रामकिसननं मला टेबलावर ठेवलं. अर्ज खालच्या खणात गेला. मित्रांनो, मी बोलू शकत नाही हे मला त्या दिवसापर्यंत कधी फारसं जाणवलं नव्हतं. संध्याकाळी भुजंगनं जाता जाता विचारलं, "झालं का रे?" आणि रामकिसन वहीतून मान वर न काढता म्हणाला, "हो, भाऊ." झालं. भुजंग निश्चिंत झाला.

सत्तावीस दिवस तो अर्ज खणात होता. त्या सत्तावीस दिवसांत दोघं रोज एकत्र चहा प्याले. एकवीस जुलैचा शुक्रवार गेला, जोडून आलेली सुट्टी गेली आणि चोवीस तारखेचा सोमवार उजाडला. सकाळी भुजंगनं नेहमीसारखं मला पुसलं आणि त्याच्याच अंगठ्यानं चाक फिरवलं. २४ जुलै १९८९. रद्दीवर उमटवून बघितलं. तारीख छान स्वच्छ उमटली.

दुपारी अप्पाराव दारातून फक्त म्हणाले, "हं, आता मार."

रामकिसननं खण उघडला. त्यानं मला उचललं. अंगठा चाकावर गेला आणि काही क्षण तिथंच राहिला. ते चाक मागं फिरवलं असतं तर खरं झालं असतं. मी, जो मागं न फिरण्याचा एवढा तोरा मिरवत होतो, तो मनातल्या मनात ओरडत होतो, फिरव, अरे फिरव मागं! अंगठा चाकावरून निघाला. मी खाली आलो. त्या दिवसाची अगदी बरोबर तारीख मी त्या अर्जावर उमटवली आणि सरळ सरळ केसानं गळा कापला.

सप्टेंबरात उत्तर आलं. 'अर्ज विहित मुदतीनंतर तीन दिवसांनी प्राप्त झाल्याने दप्तरी दाखल.' शेरा कायम. भुजंग ते पत्र घेऊन रामकिसनसमोर उभा राहिला. ओरडला नाही. हळूच विचारलं, "रामकिसन, मी तुला सत्तावीस जूनला दिल्ता ना?"

"दिल्ता, भाऊ. पर कधी दिल्ता ते मला बराबर याद न्हाई."

"तू म्हनला व्हता, झालं."

"लई कागद असत्यात, भाऊ. कोन्या कागदाचं म्हनलो आसंल."

दुसऱ्या दिवशी बेबीनंदा कचेरीत आली. पहिल्यांदाच आली होती. नवं लुगडं नेसून, कपाळावरचा घाम पुसत ती रामकिसनच्या टेबलाशी उभी राहिली. "भावजी, मी कागदाचं काही विचारत न्हाई. मला कळत न्हाई त्यातलं. तुमी फकस्त माह्याकडं बघून सांगा." रामकिसननं बघितलं नाही. त्यानं साळूबाईला हाक मारली आणि वहिनींना पाणी द्यायला सांगितलं. साळूबाईनं खिडकीतला पेला आणला. बेबीनंदानं तो हातात घेतला, बुडाचा ठिपका बघितला आणि पाणी तसंच ठेवून ती निघून गेली.

ऑक्टोबरात बढतीची समिती बसली. सातवा नंबर वगळला, आठवा घेतला. रामकिसन अव्वल कारकून झाला. कचेरीत पेढे वाटले. भुजंगच्या टेबलावरही एक ठेवला. तो संध्याकाळपर्यंत तसाच होता, मग मुंग्या लागल्या आणि साळूबाईनं झाडून टाकला. महिन्याभरात भुजंगची रवानगी मागच्या जुन्या कागदांच्या खोलीत झाली. 'सचोटी शंकास्पद' असलेल्या माणसाच्या ताब्यात शिक्का ठेवणं योग्य नाही, असं कारण लिहिलं होतं.

माझ्या वाट्याला दुसरे हात आले. तारीख लावायला विसरणारे, मला शाईसकट फेकणारे. माझं तोंड पुसलं जाईना. अक्षरं बुजत गेली. १९९२ चा डिसेंबर संपला, माझी वर्षांची पट्टी संपली आणि नव्या शिक्क्यानं माझी जागा घेतली. रामकिसननं मला उचलून आपल्या खणात टाकलं, त्याच खालच्या खणात. भंगारात का टाकलं नाही, ते त्यालाच ठाऊक. कधी कधी तो खण उघडायचा, मला बघायचा आणि बंद करायचा.

भुजंग मात्र थांबला नव्हता. सरकारी नोकरांच्या तक्रारींसाठी न्यायाधिकरण सुरू झालं आणि त्यानं तिथं दावा लावला. रजा टाकून तारखांना जायचा, तिथून थेट कचेरीत येऊन जुन्या कागदांचे बस्ते बांधायचा. बढतीची यादी निघाली की त्याच्या नावापुढं 'प्रकरण न्यायप्रविष्ट' असं लिहून पुढच्याला घ्यायचे. नऊ, बारा, एकोणीस असे नंबर त्याच्या अंगावरून गेले. त्यातल्या काहींना त्यानंच काम शिकवलं होतं.

१९९३ मध्ये रामकिसनला शपथपत्र द्यावं लागलं. ते त्यानं माझ्या डोक्यावरच्या टेबलावर बसून लिहिलं. अप्पाराव तोवर निवृत्त झाले होते, त्यांचा आता काही दाब नव्हता. मला वाटलं, आता हा खरं लिहील. त्यानं दोन कागद फाडले. तिसऱ्यावर लिहिलं, 'अर्जदाराने सदर अर्ज दिनांक २४ जुलै १९८९ रोजी समक्ष दिला व त्याच दिवशी त्यावर शिक्का मारण्यात आला.' यादीत आता नायब तहसीलदाराच्या जागेसाठी त्याचा नंबर लागायचा होता. खोटं कबूल केलं असतं तर तो गेला असता.

निकाल यायला शहाण्णव साल उजाडलं. रामकिसनच्या हाताखालच्या कारकुनानं तो मोठ्यानं वाचून दाखवला, म्हणून मला कळला. सरकारी वकिलांनी एकच मुद्दा मांडला होता. आवक शिक्का अर्जदाराच्याच ताब्यात होता. ज्याच्या हातात तारखेचा शिक्का, त्याचाच अर्ज दुसऱ्यामुळं उशिरा दाखल कसा होईल? आणि शिक्का हाती असताना माणूस आपला अर्ज दुसऱ्याच्या हाती का देईल? भुजंगनं उभं राहून सांगितलं की, आपल्या कागदाला आपण हात लावत नाही, हा माझा रिवाज होता. त्यांनी विचारलं, याला पुरावा काय? पोच आहे का? साक्षीदार आहे का? भुजंगजवळ काही नव्हतं. दावा फेटाळला.

बघा मित्रांनो, तो थोडा लबाड असता, त्यानं स्वतःच्या हातानं मला आपल्या अर्जावर आपटलं असतं, तर तो अव्वल कारकून झाला असता. वर कुणी त्याच्या सचोटीवर शंकाही घेतली नसती.

२००४ साली भुजंग अठ्ठावन्न वर्षांचा झाला. ज्या पदावर आला होता त्याच पदावर निवृत्त झाला. निरोप समारंभाला कचेरीच्या सभागृहात खुर्च्या मांडल्या होत्या. अध्यक्ष रामकिसन, आता नायब तहसीलदार, केस पांढरे, पोट सुटलेलं. पुढच्या रांगेत बेबीनंदा बसली होती. आणि टेबलावर, शाल आणि नारळाच्या शेजारी, मी होतो. रामकिसननं मला घासून पुसून, लाकडी ठोकळ्यावर बसवून आणलं होतं. भुजंगला आठवण म्हणून भेट द्यायला.

रामकिसन बोलायला उठला. जे बोलला, ते मनापासून बोलला. म्हणाला, "भुजंगभाऊंसारखा माणूस या कचेरीत झाला न्हाई. हा शिक्का त्यायच्या ताब्यात व्हता, पर स्वतःच्या कागदाला त्यायनी कधी हात लावला न्हाई. रजेचा अर्ज बी माह्याकडं द्यायचे. म्हनायचे, आपल्या कागदावर आपनच तारीख टाकायची म्हंजे बराबर दिसत न्हाई. मी स्वतः साक्षीदार हाये."

टाळ्या पडल्या. खूप पडल्या. भुजंग खुर्चीतून उठला. टाळ्या थांबेपर्यंत उभा राहिला.

"साहेब," तो म्हणाला. ज्याला तो पंधरा वर्षं साहेब म्हणत आला, त्याला त्यानं तसंच म्हटलं. "हे तुमी आज सांगितलं. त्र्याण्णव साली एवढंच सांगितलं असतं तर मी दावा जिकलो असतो. आता हेच मला लेखी द्या."

रामकिसनच्या तोंडाचं पाणी पळालं. त्यानं इकडंतिकडं पाहिलं, घाम पुसला आणि मग हसला. अगदी अप्पारावांसारखा हसला. "भुजंगभाऊंचा विनोदी स्वभाव अजून गेला न्हाई, बरं का," तो म्हणाला. लोकांना तेवढंच हवं होतं. सगळे मोठ्यानं हसले, पुन्हा टाळ्या पडल्या, कुणीतरी भुजंगच्या खांद्यावर शाल टाकली आणि फोटोवाल्यानं त्याला रामकिसनच्या बाजूला सरकवलं. फोटोत मी त्याच्या हातात आहे.

कार्यक्रम संपल्यावर दोघं नवरा-बायको राजूरच्या गाडीसाठी रस्त्यावर आली. कचेरीच्या भिंतीशी बेबीनंदा थांबली.

"हे घरात न्हाई न्यायचं," ती माझ्याकडं बोट करून म्हणाली.

"असू दे गं. त्याचा काय दोष? जशी फिरवली तशी तारीख सांगतो तो."

"मंग तुमच्या रामकिसनचा तरी काय दोष म्हना की. तो बी जसा फिरवला तसाच फिरला."

भुजंगनं खिशातून रुमाल काढला, माझं तोंड पुसलं आणि मला भिंतीवर ठेवलं. गाडी आली. दोघं चढली. त्यानं खिडकीतून वळून पाहिलं नाही.

दुसऱ्या दिवशी झाडणाऱ्या बाईनं मला उचलून मोडक्या खुर्च्यांच्या खोलीत टाकलं. ठोकळा कुणीतरी घेऊन गेलं. माझं रबर आता तडकलं आहे, चाकं गंजली आहेत. माझ्यासारख्या म्हाताऱ्या वस्तू कहाणीच्या शेवटी तुमच्याकडं तेल मागतात, जागा मागतात, जरा माया मागतात. मी ते मागणार नाही, मला ते शोभणार नाही. एकच मागतो. मित्रांनो, तुमच्यापैकी कुणी उद्या एखाद्या टेबलामागं बसाल. कुणी तुमच्या हातात कागद देईल आणि तुम्ही त्याचे सोबती आहात म्हणून काही न मागता निघून जाईल. त्याला हाक मारून मागं बोलवा आणि त्याच्या हातात पोच द्या.